न सडणारं लाकूड

लकडगंजात जेवणाची सुट्टी, आरा बंद.
खुशालभाऊ नंदनवार भुश्यावरच डबा उघडून बसलेला.
"कशाले पायजे?" वर न पाहता.
"वाफ्याला. कडेच्या फळ्या. भाजी लावायची आहे."

तो उठला, रचलेल्या एका फळीवर नख ओढलं.
"हे हिरवट दिसून राहिलं न? दवा पेलेलं आहे हे.
उधई याले तोंड नाही लावत.
उधई नाही लावत, तं तुमी काऊन लावता?"
मग जरा थांबून,
"आंधीच्या मालात संखिया राहे.
आताच्यात तांबं म्हंतेत.
यातलं कोनतं काय, माह्यापाशी कागद नाही.
छातीठोक नाही सांगत मी."

त्याला मी सांगितलं नाही
की घरी चार स्लीपर आधीच आहेत.
नॅरोगेजचे. रूळ उखडले तेव्हा भंगारात निघालेले.
टेम्पोवाल्याने ते उतरवताना शिव्या घातल्या होत्या.
आमची माती काळी, पावसात फुगते,
उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते,
म्हणून तिच्यावर चौकोन मांडला,
आत गाळाची माती, शेणखत,
पालक, चवळाई, सांबार.

बाबा गँगमन होते.
स्लीपरवर बसून भाकरी मोडायचे,
त्याच हातांनी.
संध्याकाळी त्यांच्याआधी त्यांचा वास दारात यायचा,
आई म्हणायची, आला डांबऱ्या.
मनगटापासून वरची कातडी तपकिरी, राठ,
उन्हात चरचरायची.
घामोळं आहे, म्हणायचे.
हातमोजे नावाची वस्तू त्यांनी
फक्त साहेबाच्या हातात पाहिली.

मला तो वास आवडायचा.
अजून आवडतो. हे लपवण्यात अर्थ नाही,
स्लीपर आणले ते त्यासाठीच.

मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर गेला
आणि लाकडाला घाम फुटला.
काळा, चिकट, भेगाभेगांतून,
बाहेरून तसा आतूनही.
कडेची चवळाई करपली.
आठवडाभर मी उन्हावर ढकललं.
मग एक जुडी तोडली, धुतली,
परत धुतली,
नाकाशी नेली.

बाबांचे हात.

ती जुडी मी कढईत टाकली नाही.

शेजारच्या धोट्यांना स्लीपरचे तुकडे हवे होते,
बंबाला. थंडीत बरे, म्हणाले.
"धूर घरभर होईल, तो साधा धूर नाही," मी म्हटलं.
त्यांना वाटलं मी कंजूष आहे.
दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

स्लीपर आता फाटकापाशी आडवे पडलेत,
त्यांच्यावरून स्कूटर आत घेते.
वाफ्याच्या कडेची दोन वीत माती खरवडून
कण्हेरीखाली टाकली.
ती तशीही कोणाच्या तोंडी लागत नाही.

आणि खुशालभाऊकडून सागाच्या काठ-फळ्या आणल्या,
तासलेल्या, कोऱ्या,
दवा नाही, रंग नाही.
"पाच-सहा वर्सं जाईन," तो म्हणाला,
"मंग सडन. मंग माह्यावर येऊ नोका."
"सडू द्या," मी म्हटलं,
आणि तो पहिल्यांदा हसला,
गिऱ्हाईक येडं आहे हे पक्कं झाल्यासारखा.

कधी दुपारी फाटक लावताना
ऊन स्लीपरवर असतं,
मी जरा रेंगाळते.
मग हात धुते, साबणाने, कोपरापर्यंत,
आणि सांबार तोडायला मागे जाते.

या वर्षी सागाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात
पांढरी बुरशी धरली आहे,
नखाने दाबलं की लाकूड दबतं.
खाली एक गांडूळ होतं.
खुशालभाऊला सांगायला हवं.